विष्णू काकांची सव्वीस पत्रं

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं झाली आणि स्मरणिका काढायचं खूळ कुणाच्या तरी डोक्यात शिरलं. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले. आमच्याकडे कामं अशीच वाटली जातात. संस्थापकांपैकी चारच जण हयात होते. त्यांना भेटायचं, जुने फोटो मागायचे आणि प्रत्येकावर दोन पानं लिहायची. अध्यक्षांनी निघताना बजावलं, "सुवर्णाताई, जरा पॉझिटिव्ह ठेवा हं सगळं."

मी नागपूरची. कुणी असं बजावलं की माझं डोकं फिरतं. तरीही पहिले तीन लेख मी गुळगुळीत लिहून दिले. पहिला गणपती कुणाच्या बेसमेंटमध्ये बसला, पोहे मिळत नव्हते तेव्हा चिवडा कशाचा केला, पहिल्या नाटकात राजाची मिशी कशी पडली. सगळे खूश झाले. चौथे उरले विष्णू सोहोनी, म्हणजे आमचे विष्णू काका.

काका एक्क्याऐंशी वर्षांचे. मूळचे मिरजेचे. इथल्या मोटार कंपनीत गिअरबॉक्सच्या विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मंडळात त्यांनी कधी भाषण केलं नाही, नाटकात काम केलं नाही. चाळीस वर्षं ते फक्त माइक आणि स्पीकर सांभाळत होते. कार्यक्रम सहाचा असला की चारला येऊन वायरी जोडायचे आणि आमच्यासारखे लोक सात वाजता उगवले की घड्याळाकडे बघायचे. रेणू काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा नकुल लांब रेडमंडला असतो आणि रविवारी फोन करतो. काकांना पार्किन्सन्स झालाय. हात थरथरतात ते वेगळंच, पण या आजारात आवाजही बसत जातो हे मला त्यांच्यामुळे कळलं. सगळ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या माणसाशी बोलायला मला खुर्ची अगदी जवळ ओढून बसावं लागलं.

मी माहितीचा तक्ता दिला होता, तो त्यांनी बारीक, मुंगीच्या अक्षरात भरला होता. १९६५ साली आगमन. १९६७ला मास्टर्स. १९७०ला नोकरी. मधली दोन-अडीच वर्षं कोरी. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "काका, ही वर्षं कुठे गेली? जेलमध्ये होतात की काय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आर्मीत. व्हिएतनामला."

मला आधी वाटलं, ते थट्टा करतायत. पण विष्णू काकांनी आयुष्यात कधी थट्टा केलेली मला आठवत नाही. पन्नास वर्षं हा माणूस आमच्यात वावरला, आमच्या लग्नामुंजीत जेवला, आणि आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात त्यांना जाताना लोकांनी पाहिलं होतं. तिथे व्हॉलंटिअर करतो, असं ते सांगायचे. आम्हाला ते खरं वाटलं, कारण मराठी माणूस अमेरिकेच्या लढाईत जाईल हे आमच्या डोक्यातच येत नाही. लढाया त्यांच्या, नोकऱ्या आपल्या, असं आपलं धोरण.

पुढचे तीन शनिवार मी त्यांच्याकडे गेले. ते सांगत होते, मी लिहून घेत होते. स्मरणिकेसाठी नाही. दुसऱ्याच कामासाठी, ते पुढे येईल.

विष्णू काका डेट्रॉइटला शिकायला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. राहायला खोली शोधायची होती. फोनवर सगळे म्हणायचे, या, खोली रिकामी आहे. दारात उभा राहिलेला माणूस बघितला की म्हणायचे, आत्ताच गेली. अशी सात घरं झाली. आठवं घर होतं ओडेलच्या आईचं. ओडेल म्हणजे काळा, सव्वासहा फुटी, ओतकामाच्या कारखान्यात काम करणारा तिशीतला माणूस. घरात आई, बायको आणि लोरेटा नावाची तीन वर्षांची मुलगी. म्हातारीने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जेवलास का विचारलं. मग कुठल्या चर्चला जातोस विचारलं. कुठल्याच नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग रविवारी आम्ही चर्चला गेलो की तू भांडी घासायची. पाच वर्षांत काकांचा तेवढाच भाडेकरार.

घरी मात्र त्यांनी लिहिलं, 'एका सज्जन अमेरिकन कुटुंबात राहतो.' कुटुंब काळं आहे हे लिहिलं नाही. मिरजेत लोक काय म्हणतील? पत्रात खोटं लिहायची सवय तिथूनच लागली, असं काका स्वतःच म्हणाले.

सदुसष्टच्या जुलैत डेट्रॉइट पेटलं. पोलिसांनी काळ्या वस्तीतल्या एका दारूच्या अड्ड्यावर धाड घातली आणि वर्षानुवर्षांचा राग रस्त्यावर आला. पाच दिवस आग, लूट, गोळीबार. रस्त्यात रणगाडे. ओडेलने सगळ्यांना खिडक्यांपासून दूर, बेसमेंटमध्ये फरशीवर झोपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सैनिक घर तपासायला आले. त्यांनी ओडेलला भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं केलं. त्याची आई आणि मुलगी बघत होत्या. मग एकाने काकांना विचारलं, तू कोण? काका म्हणाले, इंडियन. तो म्हणाला, मग तू तिकडे उभा राहा.

"मी तिकडे उभा राहिलो, सुवर्णा," काका म्हणाले. "आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आय फेल्ट रिलीव्ह्ड. भिंतीकडे तोंड करायला मला सांगितलं नाही म्हणून."

नवीन कुटुंब ट्रॉयला आलं की त्यांना पहिली माहिती मीच देते. किराणा कुठे, शाळा कुठली चांगली आणि एट माइल रोडच्या खाली उगाच जाऊ नका. त्या रस्त्याच्या एका बाजूला डेट्रॉइट शहर आणि काळी वस्ती, दुसऱ्या बाजूला आमची उपनगरं. तीस वर्षं मी हे सांगतेय आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की मी मदत करतेय.

अडुसष्टच्या सुरुवातीला काकांना ग्रीन कार्ड मिळालं. आपल्याला ते मिळालं ते कशामुळे, हेही मी अलीकडेच वाचलं. इथल्या काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन, जीव देऊन सरकारला समान हक्कांचे कायदे करायला लावले, त्याच लाटेत वंश बघून प्रवेश देणारा जुना कायदाही गेला आणि आमच्यासाठी दार उघडलं. आम्ही आत आलो, चांगली घरं घेतली आणि म्हणू लागलो की आम्ही आमच्या हुशारीवर आलो. हुशार होतो, त्यात वाद नाही. पण आमच्याहून हुशार लोक त्याआधी चाळीस वर्षं दाराबाहेरच उभे होते.

तर ग्रीन कार्ड. तेव्हा सक्तीची लष्करभरती होती आणि ती ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू होती. मत द्यायचा हक्क नाही, मरायला मात्र चालत होतं. त्याच उन्हाळ्यात काकांना बोलावणं आलं. ओडेल म्हणाला, तू तुझ्या आईकडे परत जा. तुला परत जायला देश तरी आहे, मला तोही नाही. काका गेले नाहीत. परत गेलो तर कार्ड जाईल, पुन्हा येता येणार नाही आणि सगळी मिरज म्हणेल, सोहोन्यांचा विष्णू अमेरिकेतून हाकलला गेला. लढाईपेक्षा त्यांना मिरजेची भीती जास्त वाटली. मला हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली, कारण मीसुद्धा तेच केलं असतं.

आता आईला काय सांगायचं? आईला हृदयाचा त्रास होता. मुलगा लढाईवर गेला हे तिला कळता कामा नये. मग काकांनी इंजिनीअरचं डोकं चालवलं. ट्रेनिंग संपल्यावर, व्हिएतनामला जायच्या आधी, दोन आठवडे बसून त्यांनी आईला सव्वीस पत्रं लिहिली. निळी, पातळ हवाई पत्रं. वर्षभर दर पंधरा दिवसांनी एक. मार्चमध्ये बर्फ वितळतोय, मेमध्ये ट्यूलिप फुललेत, ऑक्टोबरात पानं लाल झालीत. आदल्या वर्षीची हवा डायरीत बघून लिहिलं. मधेच एकदा सर्दी झाली आणि पुढच्या पत्रात बरी झाली, असंही घातलं, म्हणजे खरं वाटावं. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टाकायची तारीख. गठ्ठा ओडेलकडे दिला आणि सांगितलं, तारीख आली की खोडून टाक आणि पत्र पेटीत टाक.

आईवडिलांची येणारी पत्रं पुढे पाठवायची नव्हती. लष्कराच्या पत्त्यावरून एखादं पत्र चुकून परत गेलं असतं, तर त्यावरच्या शिक्क्याने मिरजेत बिंग फुटलं असतं. तीही शक्यता त्यांनी धरली होती. ती सगळी बिस्किटाच्या डब्यात ठेव, आल्यावर वाचीन, असं त्यांनी ओडेलला सांगितलं. पत्रं मराठीत, ओडेलला एक अक्षर कळायचं नाही. काकांनी सगळ्या शक्यता धरल्या. आई आजारी पडेल ही एक धरली नाही.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये ते व्हिएतनामला पोचले. तिथलं ते फार बोलत नाहीत. त्यांना बंदूक चालवावी लागली नाही, ट्रक दुरुस्तीच्या कामावर होते. सकाळी गेलेले ट्रक संध्याकाळी परत यायचे, ते आधी पाण्याच्या पाइपने आतून धुवायचे आणि मग दुरुस्त करायचे. काय धुवायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जंगल जाळणारं औषध फवारायचे, त्याची रिकामी पिंपं छावणीत असायची. त्यात अंघोळीचं पाणी साठवायचे. आता या आजाराचं कारण तेच असावं, असं सरकारने कागदावर मान्य केलंय.

जूनमध्ये वडिलांचं पत्र डेट्रॉइटला आलं. आईला अटॅक येऊन गेलाय, तुझं नाव घेते, असशील तसा निघून ये. तार केली नाही, कारण आपल्याकडे तार म्हणजे मरणच. मुलगा घाबरेल म्हणून साधं पत्र टाकलं. ते डब्यात गेलं. आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची तारीख बघून काकांचं पत्र मिरजेला निघालं. त्यात लिहिलं होतं, 'इथे उन्हाळा फार छान आहे. रविवारी तळ्यावर मासे बघायला गेलो होतो. तुझी तब्येत उत्तम असेलच.'

ऑगस्टमध्ये आई गेली.

सत्तरच्या मार्चमध्ये काका सुटून आले. दुपारची वेळ होती. म्हातारी चर्चच्या कामाला, लोरेटा शाळेत, ओडेलची बायको नोकरीवर. स्वयंपाकघरात दोघंच. काकांनी डबा उघडला आणि एकेक पत्र तारखेप्रमाणे लावून वाचलं. नऊ पत्रं होती. शेवटच्या पत्रावर वडिलांचं अक्षर वाकडं झालं होतं. ओडेल समोर बसून होता.

"मी त्याला म्हटलं, नऊ महिने हे पत्र इथे पडून होतं. तुला एका इंडियनला ते दाखवता आलं नाही? आणि मग..." काका थांबले. "मग मी त्याला तो शब्द वापरला. तुला कळतंय ना कुठला?"

मला कळलं. काळ्या माणसाला गुलामगिरीपासून जो शब्द मारला गेला, तो. इथल्या शाळांत त्याचं नुसतं पहिलं अक्षर सांगतात. मीही इथे लिहीत नाही.

ओडेल उठला. त्याने टोपी घातली आणि कामाच्या पाळीवर निघून गेला. तो परत यायच्या आत काकांनी बॅग भरली आणि ते घर सोडलं. नंतर मिरजेला गेले. वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुझं ते माशांचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुखात आहे ना, मग असू दे." काकांनी वडिलांना खरं कधीच सांगितलं नाही. सांगून आई परत येणार होती का, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. त्या म्हाताऱ्याने मरेपर्यंत आपला मुलगा दगड आहे असं मानलं, ते तरी टळलं असतं. मी हे काकांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि पाणी प्यायले.

पुढचं सगळं आमच्यासारखंच. नोकरी, लग्न, ट्रॉयमध्ये घर. त्या गल्लीत ओडेलला कायद्याने घर घेता आलं असतं, पण कुणी दिलं नसतं. काकांना दिलं. मुलगा झाला, मंडळ झालं, स्पीकर आले. ओडेलचं घर आमच्या हॉलपासून अठरा मैलांवर. काका चोपन्न वर्षांत तिकडे गेले नाहीत.

आता ते दुसरं काम. डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं की वर्षभरात आवाज जवळजवळ जाईल. काका मला म्हणाले, "आवाज जायच्या आत मला ओडेलला सॉरी म्हणायचंय. पत्र नको. पत्रं खूप झाली. तोंडाने म्हणायचंय. तू शोधून दे."

शोधायला दहा मिनिटं लागली. ओडेल २०२१ साली वारला होता. शहाऐंशी वर्षांचा होऊन. श्रद्धांजलीच्या पानावर फोटो होता, टोपी घातलेला. मागे मुलगी लोरेटा. हे काकांना सांगायला मला चार दिवस लागले. मला वाटलं, ते रडतील. ते रडले नाहीत. या आजारात चेहराही हलत नाही नीट. ते म्हणाले, "मग तिला म्हणीन. लोरेटाला. तिला मी पाढे शिकवलेत."

नकुलला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, व्हाय नाऊ? ही विल गेट हर्ट." मी म्हटलं, दुखापत होऊ द्यायची की नाही हे बाबांना ठरवू दे. जरा तोडूनच बोलले. मग लोरेटाला फोन केला. काय काय पाठ करून ठेवलं होतं, त्याची गरजच पडली नाही. ती म्हणाली, मिस्टर व्ही? ते अजून आहेत? शनिवारी घेऊन या.

फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळचे अकरा. एट माइल ओलांडताना माझा हात आपोआप गाडीच्या दारांच्या लॉककडे गेला. काकांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत. गल्लीत निम्मी घरं पाडून टाकलेली, मोकळ्या जागांवर बर्फ. ओडेलचं घर मात्र रंगवलेलं, पायऱ्या झाडलेल्या. दारात लोरेटा उभी होती. बासष्ट वर्षांची, उंच, अठ्ठावीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झालेली. तिने काकांना सरळ मिठीच मारली. काका तिच्या खांद्यापर्यंतही येत नव्हते.

आत टेबलावर केक मांडला होता. ती सगळं इंग्रजीतच बोलत होती, मी माझ्या भाषेत सांगते. ती म्हणाली, निळी पत्रं पेटीत टाकायचं काम माझं होतं. डॅडी मला उचलून धरायचे, पेन्सिलीची तारीख मला खोडायला द्यायचे. तुमच्या आईला पत्र मीच पाठवते असं मला वाटायचं.

काका काहीतरी म्हणू लागले, पण लोरेटाला सांगायचं होतं. ती म्हणाली, तुम्हाला ते जूनमधल्या पत्राचं माहीत आहे ना? डॅडींना संशय आला होता. पाकिटावरचं अक्षर घाईचं होतं म्हणाले. ते पत्र घेऊन ते तुमच्या विद्यापीठात गेले. पहिला इंडियन भेटला त्याला ते वाचता येईना. दुसऱ्यालाही येईना. डॅडींना वाटलं, हे लोक आपली चेष्टा करतायत. एका देशाच्या माणसांना एकमेकांचं वाचता येत नाही, हे त्यांना कसं कळणार? तिसऱ्याला लिपी येत होती. त्याने थोडं थोडं लावून सांगितलं, आई, आजारी, ये.

मग डॅडी लष्कराच्या कचेरीत गेले, की या मुलाला रजा द्या. तिथला कारकून म्हणाला, अर्ज कुटुंबाने करायचा असतो, तू त्याचा कोण? डॅडी म्हणाले, भाऊ. तो कारकून हसला. डॅडी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं, पुन्हा आलास तर पोलिसांना बोलावीन.

काकांनी विचारलं, "मग त्याने मला कळवलं का नाही?"

लोरेटा म्हणाली, "ते म्हणायचे, रजा मिळणार नाही आणि आई मरतेय हे कळलं तर तो पोरगा तिथे सावध राहणार नाही. मारला जाईल. म्हणून त्यांनी पत्रं टाकत राहायचं ठरवलं. निदान तुमच्या आईला तरी मिळत राहोत. ते चूक होतं की बरोबर, हे ते मला मरेपर्यंत विचारत होते."

"त्या दिवशी त्याने हे मला सांगितलं नाही," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलंत का?"

काकांनी मान हलवली. नाही.

मी हे सगळं बघत होते आणि मला काकांचा राग येत होता, दयाही येत होती आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे कुठे बघावं ते कळत नव्हतं. मला वाटलं, आता सॉरी म्हणतील, ती दोघं रडतील, केक खाऊन आम्ही घरी जाऊ. काकांनी टेबलाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. मी हात दिला. ते म्हणाले, "लोरेटा, त्या दिवशी मी तुझ्या डॅडींना एक शब्द बोललो. त्याची माफी मागायला आलोय."

ती गोंधळली. "कुठला शब्द?"

तिला माहीतच नव्हतं. ओडेलने घरात एवढंच सांगितलं होतं की विष्णूची आई गेली, तो दुःखात होता, निघून गेला. आईला नाही, बायकोला नाही, मुलीला नाही, तो शब्द त्याने कुणालाही सांगितला नव्हता. चोपन्न वर्षं या घरात काका चांगले होते. भिंतीवरच्या एका जुन्या फोटोत ते छोट्या लोरेटाला खांद्यावर घेऊन उभे होते, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मला वाटलं, काका आता थांबतील. मी मराठीत हळूच म्हटलंही, "काका, राहू द्या." आता सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण काका म्हणाले, "नाही सुवर्णा. आता तरी खोटं नको."

आणि त्यांनी तो शब्द उच्चारला.

आवाज इतका बारीक होता की तो टेबलापलीकडे पोचला नाही. लोरेटा पुढे वाकली. तिचा चेहरा बदलला होता, तिला अंदाज आला होता. तरी ती म्हणाली, "मोठ्याने सांगा."

काकांनी सगळा श्वास गोळा केला आणि पुन्हा सांगितला. या वेळी स्वच्छ ऐकू आला. इतका मोठा आवाज त्यांच्या तोंडून मी वर्षभरात ऐकला नव्हता. मग ते म्हणाले, "आय ॲम सॉरी."

लोरेटा बराच वेळ टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "माफी तुम्हाला डॅडींकडे मागायची होती. त्यांच्या वतीने द्यायचा मला अधिकार नाही. तुम्ही अठरा मैलांवर होतात, मिस्टर व्ही. कुणी दार वाजवलं की ते मान वर करून बघायचे."

"हो," काका म्हणाले.

"बस चालवताना तो शब्द मी किती वेळा ऐकला असेल, मोजलेला नाही. पण डॅडींनी तो या घरात कधी येऊ दिला नव्हता. आज तुम्ही घेऊन आलात."

तिने आमचे कोट आणून दिले. बाहेर पायऱ्यांवर मघाशी नव्हता असा बर्फाचा पातळ थर जमला होता. काकांचा पाय पहिल्याच पायरीवर अडखळला. मी दुसऱ्या बाजूला होते, मला पोचता आलं नाही. लोरेटा चपलांवरच बाहेर आली, तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि एकेक पायरी करत त्यांना खाली गाडीपर्यंत आणलं. गाडीचं दार उघडून आत बसवलं, त्यांचा पट्टा लावला. या सगळ्यात ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.